‘ताई, तुमच्या फोनची रॅम फुल आहे’

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण पुरती वाचा. यातलं निम्मं तुमच्या खिशातल्या फोनबद्दल आहे आणि निम्मं तुमच्या करातून विकत घेतलेल्या फोनबद्दल.

‘ताई, तुमच्या फोनची रॅम फुल आहे, त्याला आम्ही काय करणार?’ हे वाक्य आज महाराष्ट्रात रोज किती खिडक्यांवर बोललं जातं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सेतू केंद्रात, कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत, रेशन दुकानात, तालुक्याच्या आढावा बैठकीत. फॉर्म अर्ध्यावर गायब झाला. ओटीपी बघून परत आलं तर पान कोरं. फोटो काढला तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. का झालं म्हणून विचारलं की हे एक वाक्य तोंडावर फेकायचं. समोरची बाई गप्प होते, कारण रॅम म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. खरं तर फेकणाऱ्यालाही ते बहुधा माहीत नसतं. पण त्याचा आवाज ठाम असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. रॅम भरलेली दिसणं हा बिघाडच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम शुद्धीवर असेल तर रॅम जवळजवळ भरलेलीच दिसणार. फॉर्म गायब होतो तो ॲप लिहिणाऱ्याच्या आळसामुळे आणि ते न तपासता पास करून घेणाऱ्या खात्याच्या बेफिकिरीमुळे. आणि त्याची शिक्षा मात्र सगळ्यात स्वस्त फोन असलेल्या माणसाला होते.

हे नुसतं रागाने बोलून चालणार नाही, समजून घ्यावं लागेल. माझं पोट सर्व्हर सांभाळण्यावर चालतं, त्यामुळे मेमरीशी रोजची झटापट आहे. जमेल तितकं साधं सांगतो.

स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. फोनवर लिहिलेलं ६४ जीबी, १२८ जीबी स्टोरेज म्हणजे माळा. रॅम म्हणजे ओटा. भाजी चिरायची, पोळ्या लाटायच्या त्या ओट्यावरच, माळ्यावर बसून कुणी स्वयंपाक करत नाही. ओटा लहान, पण हात पोचतो. माळा मोठा, पण स्टूल लावून चढावं लागतं. फरक किती? रॅममधली गोष्ट हाताशी यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीसारख्या चांगल्या स्टोरेजवरून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. ओट्यावरचं मीठ घ्यायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीवरून आणायला सोळा-सतरा मिनिटं, आणि हार्ड डिस्कवरून एक अख्खा दिवस आणि वर चार तास. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक फाईल उघडेपर्यंत पोरं गप्पा का मारायला लागतात, ते यात आलं.

आता शहाणी बाई काय करते? मिसळणाचा डबा एकदा खाली काढला की फोडणी झाल्या झाल्या तो परत माळ्यावर चढवत नाही. ओट्याच्या कोपऱ्यात राहू देते, कारण दहा मिनिटांनी पुन्हा लागणार. जागा हवी झाली तर एका हाताने सरकवते. ऑपरेटिंग सिस्टीम अगदी हेच करते. एकदा वाचलेली फाईल ती रॅममध्ये तशीच राहू देते, तिला कॅश म्हणतात. मोकळी पडलेली रॅम ही कुणाच्याच कामाची नाही, विजेचं बिल मात्र तेवढंच, मग ती वापरलेली काय वाईट? विंडोजने तर २००७ च्या व्हिस्टापासून पुढची पायरी गाठली. तुम्ही रोज काय उघडता ते बघून ती ते आधीच ओट्यावर काढून ठेवायला लागली. लोकांनी बघितलं, रॅम भरली म्हणून, आणि बोंब ठोकली. लिनक्सवरही तीच गत. तिथे ‘फ्री’ नावाचा आकडा कायम चिमुकला दिसतो आणि नवशिका सर्व्हरवाला घाबरतो. हा गैरसमज इतका चिवट निघाला की २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत ‘उपलब्ध’ मेमरीचा वेगळा आकडाच द्यावा लागला. मोकळी किती याऐवजी, गरज पडली तर किती मोकळी करता येईल, हे सांगणारा. ॲपलनेही २०१३ मध्ये मॅकवर ‘मेमरी प्रेशर’चा आलेख दिला. किती भरली यापेक्षा ताण किती आहे ते बघा, असं सांगणारा.

तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘७८ टक्के वापरात’ असं लाल-नारिंगी रंगात दिसतं ना, त्याने घाबरून जायचं कारण नाही. त्यातला मोठा हिस्सा कोपऱ्यात सरकवता येणाऱ्या डब्यांचा असतो.

पण सगळंच सरकवता येत नाही, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते. ओट्यावर दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिला प्रकार डब्यांचा. त्यांची मूळ प्रत माळ्यावर शाबूत आहे, म्हणजे ओट्यावरून काढल्या तरी नुकसान शून्य. दुसरा प्रकार म्हणजे चिरलेली भाजी, मळलेली कणीक. तुम्ही आत्ता फॉर्ममध्ये भरलेलं नाव, आधार क्रमांक, बँकेचा खाते नंबर. याची प्रत कुठेच नाही. ही कणीक ओट्यावरून फेकली की गेली.

जागेची फारच टंचाई झाली की सिस्टीमपुढे तीन वाटा असतात. कणीक दाबून लहान डब्यात बसवणं, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवणं. अँड्रॉइड हे करतं, विंडोज १० करतं, मॅकही करतो. दुसरी वाट, कणीक माळ्यावर नेऊन ठेवणं, ज्याला स्वॅप म्हणतात. आणि तिसरी वाट, एखाद्या ॲपलाच उठवून बाहेर काढणं.

आणि टंचाई येतेच. मेमरीचा कारभार आपल्या अंदाजपत्रकासारखा आहे. ॲपने मागितलं की सिस्टीम बहुतेक वेळा ‘मंजूर’ म्हणते, पण निधी लगेच वर्ग करत नाही. ॲपने प्रत्यक्ष खर्चायला काढलं की मग ४ केबीच्या तुकड्यातुकड्यांनी जागा देते. मागणारे सगळेच मंजूर रक्कम खर्च करत नाहीत, म्हणून हे खपून जातं. पण एखाद्या दिवशी सगळे एकदमच बिलं घेऊन ट्रेझरीत आले तर? मार्चएंडला काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कुणाचं तरी बिल मागे राहतं.

अँड्रॉइडवर ते बिल कुणाचं मागे राहायचं याची यादी ठरलेली आहे. पडद्यावर आत्ता जे ॲप आहे ते शेवटपर्यंत वाचवायचं. जे मागे गेलंय, वापरणाऱ्याने बाजूला केलंय, त्याचा नंबर आधी. ही काही गुपचूप केलेली दगाबाजी नाही. ॲप लिहिणाऱ्या प्रत्येकाला अँड्रॉइडच्या पहिल्या धड्यांतच हे सांगितलेलं असतं. बाबा रे, तू पडद्यावरून बाजूला झालास की तुला कधीही बंद केलं जाईल, तेव्हा जाता जाता सामान बांधून ठेव. माणूस परत आला की होतं तिथून उघड. त्यासाठी सिस्टीम ॲपला बाजूला होताना हाक मारते, ठेवायचं ते ठेव म्हणून वेळ देते. चांगलं लिहिलेलं ॲप मागे बंद पडून पुन्हा सुरू झालं हे तुम्हाला कळतही नाही. तुम्ही परत येता, सगळं जागच्या जागी.

म्हणजे फॉर्म गायब झाला तर तो रॅमने गायब केला नाही. रॅमने नियमाप्रमाणे बाजूला व्हायला सांगितलं. सामान बांधून ठेवायचं ज्याचं काम होतं, त्याने ते केलं नाही.

आणि हे तपासायला किती खर्च येतो माहिती आहे? एक रुपयाही नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचा एक टिकमार्क आहे. तो लावला की पान बाजूला झाल्या झाल्या सिस्टीम ते मोडून टाकते. भारीतला भारी फोनसुद्धा या बाबतीत दोन जीबीच्या फोनसारखा वागायला लागतो. फॉर्म अर्धा भरायचा, दुसऱ्या ॲपवर जायचं, परत यायचं. भरलेलं दिसलं तर पास, नाही दिसलं तर नापास. पाच मिनिटांचं काम. लाखो लोकांना सक्तीने वापरायला लावलेलं ॲप या चाचणीत नापास होत असेल, तर त्या पाच मिनिटांचा पगार कुणी घेतला, हे विचारायला नको?

कुणी म्हणेल, अहो तंत्रज्ञान इतकं गुंतागुंतीचं आहे, होतं असं. मग एक जुनी गोष्ट ऐका. २० जुलै १९६९. चंद्रावर उतरणाऱ्या अपोलो ११ च्या यानात जो संगणक होता, त्याची लिहिता-खोडता येणारी मेमरी होती २,०४८ शब्दांची, आजच्या मापाने ४ केबीच्या आसपास. आज एखाद्या व्हॉट्सॲप स्टिकरलाही ती पुरायची नाही. उतरताना एका रडारकडून नको असलेलं काम त्या संगणकावर येऊन पडत राहिलं, कामांसाठीच्या मेमरीतल्या जागा संपल्या आणि १२०२ क्रमांकाचा अलार्म वाजला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या यंत्राने काय केलं? स्वतःला पुन्हा सुरू केलं, बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली, आणि उतरण्याचं काम जिथे होतं तिथून पुढे चालू ठेवलं. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने आणि हॅल लॅनिंग यांच्यासारख्या इंजिनियरांनी ते आधीपासून तसं बांधलं होतं, कारण मेमरी संपू शकते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. चार केबीत. सत्तावन्न वर्षं होत आली. आणि आमच्याकडे दोन जीबीच्या फोनवर, म्हणजे त्याच्या पाच लाखपट मेमरीवर, एका बाईने भरलेला पत्ता टिकत नाही.

आता ओटीपीचं बघू. माझ्या मते सर्वांत जास्त लोक इथेच घायाळ होतात. ब्राउझरमध्ये फॉर्म भरला, ‘ओटीपी पाठवला आहे’ आलं. बाई ब्राउझर बाजूला करते, मेसेज उघडते, सहा आकडे पाठ करते, परत येते. कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात ब्राउझरमधलं ते पान सिस्टीमने काढून टाकलेलं असतं. परत आल्यावर ते नव्याने लोड होतं, कोरं. पुन्हा भरा, पुन्हा ओटीपी. तीनदा झालं की ‘मर्यादा संपली, २४ तासांनी प्रयत्न करा’. २०२५ च्या सप्टेंबरपासून लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा स्वतःचा ओटीपी आणि वर पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी, असा दोनदा हा फेरा होता. तिथे सर्व्हरच बसत होता हे वेगळं दुखणं, त्याचं खापर मी मेमरीवर फोडणार नाही. पण रचना बघा. जिच्याकडे घरातला सगळ्यात जुना फोन आहे, तिलाच दोन वेळा बाहेर जाऊन परत यायला लावणारी रचना.

यावर उपाय नाही का? आहे, आणि जुना आहे. मेसेजमधला ओटीपी पानानेच उचलून घ्यावा, माणसाला बाहेर जावंच लागू नये, अशी सोय क्रोममध्ये २०२० पासून आहे. मेसेजच्या शेवटी ठरावीक पद्धतीची एक ओळ लिहायची आणि पानात थोडा कोड. ॲपसाठीही तशी सोय आहे. आणि तेही नको असेल तर प्रत्येक पान भरलं की ते सर्व्हरवर मसुदा म्हणून ठेवून द्या. बँका ठेवतात. तिकिटं विकणारे ठेवतात. कारण अर्धा फॉर्म सोडून गेलेला माणूस म्हणजे त्यांचं गेलेलं गिऱ्हाईक. सरकारी पोर्टलवरून अर्धा फॉर्म सोडून गेलेल्या माणसाचं कुणाला काय गेलं? कुणाचंच नाही. उलट लाभार्थी एक कमी.

फोटोचं गणितही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल तर फोटो ४,००० गुणिले ३,००० ठिपक्यांचा. गॅलरीत तो तीन-चार एमबीचा दिसतो, कारण तो दाबून ठेवलेला असतो. पण ॲपने तो उघडला की प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. एक फोटो, ४८ एमबी. आणि पोर्टलवर काय लिहिलेलं असतं? ‘फोटो ५० केबीपेक्षा कमी असावा.’ तो ५० केबीचा करण्यासाठी आळशी ॲप आधी अख्खे ४८ एमबी ओट्यावर पसरतं, मग कापत बसतं. शहाणं ॲप उघडतानाच सांगतं, मला दोन्ही बाजूंनी चौथा हिस्साच पुरे. मग लागतात फक्त ३ एमबी. फरक सोळापटीचा. कोडमध्ये फरक किती? दोन-चार ओळी. ज्याने त्या ओळी लिहिल्या नाहीत त्याच्या टेबलावर बारा जीबीचा फोन होता, म्हणून त्याला काही जाणवलं नाही. एवढंच.

शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, ही ई-पीक पाहणीची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आहे. कल्पना वाईट नाही, तलाठ्याने घरी बसून पेरा लिहिण्यापेक्षा बरीच. पण कॅमेरा ही फोनमधली सगळ्यात खादाड गोष्ट. असं काम सांगणाऱ्या कुठल्याही ॲपने दुसरं कॅमेरा ॲप उघडलं की ते स्वतः मागे जातं, आणि मागे गेलेल्याचा नंबर आधी. कॅमेऱ्याच्या पोटासाठी त्याचाच बळी जाऊ शकतो. हे आधीच ठाऊक असलेलं संकट आहे. त्याची तयारी न करता असं ॲप शेतात पाठवणं म्हणजे छत्रीशिवाय आषाढात पाठवणं.

आणि आता अंगणवाडी. हे विसरायला नको म्हणून लिहितोय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारला परत केले. रस्त्यावर उतरून, पंचायत समित्यांमध्ये जाऊन परत केले. त्या फोनची रॅम होती दोन जीबी. ते घेतले गेले २०१९ च्या सुमाराला, एका वेगळ्या ॲपसाठी. मग २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर आलं, आणि त्याच फोनवर ते चालवा म्हणून सांगितलं. फोन तापायचा, अडकायचा, बंद पडायचा. वर दुरुस्तीचा खर्च बाईच्याच मानधनातून होतोय, अशी तक्रार होती. त्या ओरडत होत्या तेव्हा काहीजण म्हणाले, फुकटचा फोन मिळाला त्यालाही नावं ठेवतात.

दोन जीबीचा हिशेब मांडू. फोन चालू केला की खुद्द सिस्टीम, पडदा रंगवणारी यंत्रणा, फोन-मेसेजची यंत्रणा आणि गुगलच्या कायम जाग्या सेवा, यांतच साधारण निम्मा ओटा जातो. उरलेल्यात व्हॉट्सॲप, कारण पर्यवेक्षिकेचे आदेश व्हॉट्सॲपवरच येतात, ते बंद करून चालत नाही. मग कॅमेरा. मग ट्रॅकर. ही ओढाताण पहिल्याच दिवशी कागदावर दिसत होती. फोनची रॅम नंतर वाढवता येत नाही, ती बोर्डावर कायमची बसवलेली असते. म्हणजे खरेदीच्या वेळी जो आकडा लिहिला तोच शेवटपर्यंतचा. तो आकडा लिहिणाऱ्याला पुढच्या तीन वर्षांत ॲप किती फुगेल हे विचारावंसं वाटलं नाही, आणि ॲप लिहिणाऱ्याला गावात कुठला फोन आहे हे बघावंसं वाटलं नाही. दोघांच्या मध्ये सापडली ती सेविका. पुढे सेविकांना संप करावा लागला, मग नवे फोन द्यायचं मान्य झालं. आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थ्याची चेहरा-पडताळणी सक्तीची आहे. चेहरा ओळखायचा म्हणजे पुन्हा कॅमेरा आणि वर मेमरी खाणारं गणित. फोन नवे झाले, सवय जुनीच.

या सगळ्या गोंधळात बाजाराने मात्र हात धुऊन घेतले. फोन स्लो झाला म्हणून माणूस काय करतो? क्लीनर टाकतो. बटण दाबलं की रॉकेट उडतं, ‘१.२ जीबी मोकळी केली’ असं येतं, आणि एक जाहिरात. क्लीनर काय करतो? ओट्यावरचे सगळे डबे उचलून माळ्यावर टाकतो. ओटा लखलखीत. तुम्ही खूश. पुढच्याच मिनिटाला मीठ लागतं, स्टूल लावा, चढा. बंद केलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला प्रोसेसर जास्त राबतो, बॅटरी जास्त जाते. शिवाय जे ॲप बंद केलं त्यातली बरीच दोन मिनिटांत आपोआप परत उठतात. शेवटी गुगललाच कंटाळा आला. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला दुसऱ्याच्या मागे चाललेल्या प्रोसेस बंद करण्याची मुभाच काढून घेतली, फक्त स्वतःच्या बंद करता येतात. तरी रॉकेट उडतंय. कशाचं उडतंय, ते त्यांनाच माहीत.

त्याहून मोठी थाप खोक्यावर छापलेली असते. ‘१६ जीबी रॅम’, आणि त्याच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी. खाली अक्षरं दिसतील तर दिसतील, ८ अधिक ८ व्हर्च्युअल. हे दुसरे आठ म्हणजे माळ्याचाच एक कोपरा, त्याला ओटा म्हणायचं. पूर्ण खोटं आहे असं नाही. दिवसभर हात न लावलेलं ॲप तिथे नेऊन ठेवलं तर थोडी जागा होते, ते ठीक. पण हाताखालचं कामच ओट्यावर मावत नसेल, तर खालचं वर आणि वरचं खाली करण्यातच यंत्राचा जीव जातो. याला थ्रॅशिंग म्हणतात, आणि पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ मध्येच त्याची कारणं मांडून ठेवली आहेत. वर फोनच्या स्टोरेजवर लिहिण्याला मर्यादा असते, सारखं लिहीत राहिलं की ते झिजतं. हजारपट हळू जागेला त्याच नावाने विकायचं आणि गिऱ्हाइकाने चांदणी वाचली नाही म्हणून त्यालाच हसायचं. सोनाराने असं वजन केलं असतं तर आपण वैधमापनवाल्यांना बोलावलं असतं.

एक प्रश्न येणार, म्हणून आधीच घेतो. ‘सरकारने काय प्रत्येक फोनवर तपासत बसायचं का?’ प्रत्येक नाही. सगळ्यात खालच्या एकावर. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्या हातात जो फोन आहे, त्या एकावर. पूल बांधताना सगळ्या गाड्या तोलत नाहीत, सर्वांत जड गाडी धरतात. इथे सर्वांत हलका फोन धरायचा. ‘ॲप सक्तीचं नाही, सेतूत जाऊन भरा’ असंही कुणी म्हणेल. मग जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि खिडकीवरचे जादाचे पैसे कुणाच्या खात्यातून, तेही सांगा.

निविदेत काय लिहावं हेही सांगतो, म्हणजे नुसती टीका करतो असं व्हायला नको. ॲप चालताना जास्तीत जास्त किती मेमरी घेईल याची मर्यादा आकड्यात लिहा. दोन आणि तीन जीबीच्या फोनवर, व्हॉट्सॲप चालू ठेवून, खात्याच्या अधिकाऱ्यासमोर चाचणी घ्या. त्या टिकमार्कची पाच मिनिटांची परीक्षा घ्या, नापास झालं तर बिल थांबवा. पान भरलं की मसुदा जतन. ओटीपी आपोआप. यात नवीन संशोधन काहीच नाही. आज निविदेच्या जाडजूड कागदांत ठेकेदाराची उलाढाल किती हवी ते असतं, अनामत रक्कम असते, दंडाची कलमं असतात. ॲपने किती मेमरी खावी याला मात्र बहुतेक वेळा एक ओळही नसते.

आता तुमच्याकडून एक हवंय. गावात, शाळेत, अंगणवाडीत, कुठलंही सक्तीचं सरकारी ॲप किंवा पोर्टल असेल तर हे करून बघा. फॉर्मचे चार रकाने भरा, सबमिट करू नका. बाहेर पडा, कॅमेरा उघडून दोन फोटो काढा, एखादा व्हिडिओ मिनिटभर बघा, परत या. भरलेलं जागेवर आहे का? असेल तर तसं लिहा, चांगल्याला चांगलं म्हणू. नसेल तर ॲपचं नाव, फोनची रॅम आणि तारीख कॉमेंटमध्ये टाका, स्क्रीनशॉट असेल तर उत्तम. फक्त आधार नंबर, खाते नंबर झाकून टाका. शंभर नोंदी जमल्या की माहिती अधिकारात त्या त्या खात्याला चाचणीचा अहवाल मागतो. अर्जाचा मसुदा तयार आहे.

आणि तोवर घरातल्या आई-मावशीला एवढं दाखवून ठेवा. ओटीपी आला की मेसेज ॲप उघडायचं नाही. वरून बोटाने नोटिफिकेशन खाली ओढायचं, आकडे तिथेच वाचायचे आणि पुन्हा वर सारायचं. ब्राउझर पडद्यावरच राहतो, फॉर्म वाचतो.